भर दुपारचा चोर

त्या गावात दुपारी चोरी करायची तर चोराच्याही जिवावर आलं असतं. जेवणं झाली की वाळवंटाकडून वारा सुटायचा, रस्ते पांढरेफटक पडायचे आणि माणसं दारं लावून ऊन उतरेपर्यंत झोपायची. कुत्रीसुद्धा सावली सोडत नसत. म्हणून चष्मेवालीने संध्याकाळी दुकान उघडलं आणि उंबऱ्यापाशी ओल दिसली, तेव्हा तिला आधी वाटलं, आता आपलेच डोळे तपासायला हवेत.

पण ओल खरीच होती. दाराच्या तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळू भिजून काळी पडली होती आणि शेजारच्या मातीच्या भिंतीचा पायाही ओलावला होता. जिथे भांडी विसळलेलं पाणी झाडाला घालतात, त्या गावात उंबऱ्यावर पाणी ओतायला कोण रिकामं बसलंय? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिने समोरच्या गवंड्याला बोलावलं. त्याने उकिडवं बसून ओल चाचपली आणि घर पडलंच असा चेहरा केला.

"मातीच्या भिंतीला रोज थोडं थोडं पाणी पाजायचं," तो म्हणाला, "की ती लोण्यासारखी होते. मग चमच्याने भोक पाडा. घरफोडे असंच करतात, ताई. तुमचं ते यंत्र किमती आहे. आणि कुणाजवळ बोलू नका, चोर सावध होईल."

"तुम्हाला बरं सगळं माहीत," तिच्याबरोबर राहणारी आत्या जिन्यावरून म्हणाली.

"भोकं बुजवायला मलाच बोलावतात ना."

यंत्र वडिलांच्या वेळचं, भिंगं घासायचं. त्याच्या चाकाखाली वाळूचा एक कण जरी शिरला, तरी भिंगावर ओरखडा आणि सकाळची सगळी मेहनत वाया. दाराच्या फळ्या उन्हाने आकसून खाली बोटभर फट पडली होती, आणि आत्या रोज दुपारी झोपायच्या आधी तिथे चिंध्या कोंबायची. अलीकडे भिंगं अगदी लख्ख निघत होती. त्याचं सारं श्रेय आत्या चिंध्यांना, म्हणजे स्वतःला, देत होती.

चष्मेवालीचा मोठा भाऊ शहरात राहायचा. यंत्र उचल आणि माझ्याकडे ये, वाळूत कशाला आयुष्य काढतेस, हा त्याचा कायमचा धोशा. ती दर वेळी नवी सबब काढायची. कधी आत्याचे गुडघे, कधी जुनी गिऱ्हाइकं. खरं कारण एकच होतं, आणि ते रस्त्याच्या टोकाला बर्फाचा कारखाना चालवत होतं.

बर्फवाला दर दोनचार दिवसांनी यायचा. "दांडी सैल झालीय," म्हणून चष्मा पुढे करायचा. ती बारीक पेचकसाने स्क्रू आवळायची, तोवर तो स्टुलावर मूग गिळून बसायचा. मग "येतो" म्हणून जायचा. एवढंच. पण तो येऊन गेला की तिला उगाचच गुणगुणावंसं वाटे, आणि दुपारपर्यंत हातातलं कुठलंच काम जड वाटत नसे. तो तिला आवडत होता. हे तिला माहीत होतं, आत्याला माहीत होतं, बहुधा गवंड्यालाही माहीत होतं.

"या माणसाची जीभही बर्फाच्या लादीबरोबर गोठवतात की काय?" आत्या विचारायची.

आत्याच्या पोटात मात्र काही राहत नसे. तिने दादाला फोनवर घरफोड्यांची गोष्ट मीठमसाला लावून सांगितली, आणि तो टेम्पो घेऊनच दारात उभा राहिला.

"आता पुरे," दादा म्हणाला. "उद्या सामान भरायचं. भिंत पडायची वाट बघणार आहेस का?"

काय बोलणार? ज्याने आजवर चकार शब्द काढला नाही, त्याच्यासाठी थांबते म्हणून सांगणार?

थोड्या वेळाने बर्फवाला आला. चष्मा तिच्या हातात देऊन त्याने बाहेरच्या टेम्पोकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"पाहुणे?"

"दादा. मला न्यायला आलाय. उद्या निघतेय."

बर्फवाल्याने तोंड उघडलं. मिटलं. मग तो उठला आणि दाराऐवजी दाराच्या चौकटीला धडकून, चष्मा न घेताच निघून गेला.

तिने चष्मा टेबलावर ठेवला आणि दादाकडे वळली. "जाईन मी. पण ज्याच्यामुळे घर सोडायचं, त्याचं तोंड तरी बघू दे. आज दुपारी कुणी झोपायचं नाही."

दादाला हे पटलं. लहानपणापासून त्याला कुणाला तरी काठीने बडवायचंच होतं.

जेवणं झाली. तिघं दुकानात अंधार करून बसली. दादा दारामागे काठी घेऊन, आत्या यंत्रामागे पोळपाट घेऊन. चष्मेवाली कडीवर हात ठेवून उभी. वारा सुटला. बाहेर वाळू सरसरायला लागली. आणि त्या सरसरीत पावलं वाजली, जड, थांबत थांबत येणारी. दारापाशी ती थांबली. कुणीतरी धापा टाकत खाली वाकलं, आणि फळीला काहीतरी घासल्याचा आवाज आला.

तिने कडी काढून दार उघडलं. दादा काठी उगारून पुढे झेपावला.

उंबऱ्यावर बर्फवाला गुडघे टेकून बसला होता. बर्फाच्या लादीची कापलेली लांबलचक पट्टी त्याने दाराच्या फटीला लावून धरली होती. चष्मा नसल्यामुळे त्याने काठीकडे मोठ्या आदराने पाहिलं आणि तो म्हणाला, "आत्या, तुम्ही का उठलात? झोपा ना."

दादाची काठी वरच राहिली.

"हे काय चाललंय?" चष्मेवालीने विचारलं.

तिचा आवाज ऐकून तो दचकला. "वारा सुटतो ना," तो म्हणाला. "ओली वाळू उडत नाही. तुम्ही एकदा म्हणाला होतात, एका कणानेही भिंग जातं. लाद्या कापून कडेचा तुकडा उरतोच."

आत्याने पोळपाट खाली ठेवला. चिंध्यांचं श्रेय तिच्या डोळ्यांदेखत हातातून गेलं होतं.

"पण उद्या तर मी जाणार," चष्मेवाली म्हणाली.

"आजचा वारा तर होताच."

याच ओलीने तिला गावातून हुसकावलं असतं, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. "सांगायचं नाही तोंडाने?"

"सांगायचं ठरवूनच यायचो. स्क्रूसुद्धा मीच सैल करायचो." तो वाळूकडे बघत बोलत होता. "पण आधी चष्मा तुमच्या हातात द्यावा लागतो. मग तुम्ही दिसत नाही, आणि माझा धीर सुटतो."

ती आत गेली. टेबलावरचा चष्मा उचलून पदराने पुसला, बाहेर आली, आणि वाकून स्वतःच्या हाताने त्याच्या नाकावर बसवला.

"दिसतेय आता?"

"दिसताय."

"मग बोला."

बर्फवाल्याने एकदा काठीकडे पाहिलं, आता ती नीट दिसत होती, आणि तरीही तो बोलला. "जाऊ नका. लग्न करा माझ्याशी."

चष्मेवालीला एकदम हसू आलं, डोळेही भरले, आणि दोन्हींच्या गर्दीत शब्द काही फुटेना. आता हीच मूग गिळून उभी राहिली.

"अगं, हो म्हण लवकर," आत्या म्हणाली. "बर्फ वितळतोय."

"हो," ती म्हणाली.

दादाने रिकाम्या टेम्पोकडे पाहिलं, बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि काठी कोपऱ्यात ठेवून दिली. "या गावात शहाणं कुणी राहत नाही," असं पुटपुटत तो खाली बसला आणि त्याने बर्फाचं दुसरं टोक धरलं.