समाचाराची खाट

राजकोटात माणूस आजारी पडला की दुपारी चारनंतर त्याच्या समाचाराला मंडळी येतात, आणि त्यांना तो खाटेवर पडलेला दिसावा लागतो. मुक्ताबेनच्या छातीतली गाठ काढली होती, केमो चालू होती, तरी त्या पडून राहत नव्हत्या. मदतीला येऊन राहिलेल्या त्यांच्या नणंदेची, समजुबेनची, हीच तक्रार होती.

दुसऱ्या डोसनंतर मुक्ताबेनना हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना. डॉक्टर म्हणाले, उरलेले चार डोस झेपायचे तर अंगात ताकद हवी. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी साडेचारला त्या हॉस्पिटलच्या तळघरात वजनं उचलायला जात. घरी सराव करताना त्यांचे यजमान प्राणलालभाई, शाळेतले निवृत्त ग्रंथपाल, आकडे मोजत. सोबत म्हणून एकदा त्यांनीही उठाबशा काढून पाहिल्या होत्या. सहाव्या उठाबशीलाच त्यांना धाप लागली.

त्या शुक्रवारी समजुबेननी सकाळीच जाहीर केलं, "गोंडळहून नरभेराममामा येतायत. आठ माणसं, जीप करून. चार वाजता. मुक्ता, आज अंथरुणातून हलायचं नाही."

"मोटीबेन, आज माझी वजनं आहेत."

"ऑपरेशनच्या बाजूच्या हातानं लोखंड उचलायचं? माझ्या सासूबाईंनी अपेंडिक्स काढल्यावर सहा महिने पाण्याचा पेला उचलला नव्हता."

"म्हणून मग त्यांना न्हाणीत न्यायला दोघं लागायची."

समजुबेननी भावाकडे पाहिलं. सहासष्ट वर्षांत प्राणलालभाईंनी मोठ्या बहिणीला, मोटीबेनना, कधी नाही म्हटलं नव्हतं. ते पेपरात शिरले.

चार वाजता मुक्ताबेन बूट घालून त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "तुम्ही सांगा मोटीबेनना. आज गोंडळचे पाहुणे, मंगळवारी मोरबीचे. असे दिवस बुडत गेले तर मी पुन्हा खुर्चीला चिकटेन. मग डोस कसे घेऊ?"

प्राणलालभाईंनी सकाळपासून एक वाक्य तयार केलं होतं, दोनदा सुधारलंही होतं. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "मोटीबेन, मला असं वाटतं..."

"तुला काय वाटतं?"

वाक्य पार पुसलं गेलं. बाहेर जीप थांबली. प्राणलालभाई वळले आणि बायकोला म्हणाले, "तू मागच्या दारानं जा. मी खाटेवर पडतो."

आठ माणसं आत आली तेव्हा ते हनुवटीपर्यंत शाल ओढून खाटेवर होते. मंडळी जराशी थबकली. पण खाट होती, खाटेवर माणूस होता. नरभेराममामा खुर्चीत टेकले.

"कसं वाटतंय, प्राणलाल?"

"अशक्तपणा आहे."

"आणि मुक्ता?"

"वजनं उचलायला गेलीय."

"तरी म्हटलं हा एवढा का वाळलाय," मामी म्हणाल्या आणि त्यांनी शहाळं प्राणलालभाईंच्या तोंडाला लावलं. समजुबेन आत भांडी आपटत होत्या.

"किती उचलते?" मामांनी विचारलं.

"दोन्ही हातांत दोन-दोन किलो. आणि हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठते."

"त्यात काय मोठंसं," मामा म्हणाले आणि हात छातीशी घेऊन उठायला गेले. वीतभर वर आले, परत बसले. मग मामींनी करून पाहिलं, मग त्यांच्या सुनेनं. जीपचा ड्रायव्हर पाणी प्यायला आत आला होता, त्यालाही बसवलं. तो चारवर थांबला. पाऊण तास आजाऱ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मंडळी गेल्यावर समजुबेन खाटेशी येऊन उभ्या राहिल्या. "मंगळवारी मोरबीचे येणार चारला. त्यांनाही तुलाच दाखवायचं का?"

"त्यांना सातनंतर यायला सांगा," प्राणलालभाई शालीतून म्हणाले. "मंगळवारी त्या वेळी मुक्ता घरी नसते. शुक्रवारीही नसते."

उभ्यानं हे त्यांना कधीच बोलता आलं नसतं.



"सातला आले तर जेवूनच जाणार," समजुबेन म्हणाल्या, आणि मोरबीला फोन लावायला गेल्या.