घाटापलीकडचा सामना

कर्टिस ब्रॅनम शुक्रवारी दुपारी आमच्या घरी आला, तेव्हा घाटात बर्फ पडायला लागला होता. बूट झटकून तो मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात शिरला. पुढच्या दाराने पाहुणे येतात, आणि कर्टिस आमच्याकडे कधीच पाहुणा नव्हता. माझी बायको थेया, हार्लन स्टेट विद्यापीठाची क्रीडाप्रमुख. तिच्या हाताखाली त्याने कितीतरी वर्षं काम केलं होतं. आमच्या टेबलावर जेवून जेवून तो मोठा झाला असं मी त्याला चिडवायचो. आता तो डोंगरापलीकडच्या किंग्सपोर्ट विद्यापीठाचा क्रीडाप्रमुख होता, आणि अंगात त्यांचा हिरवा कोट होता.

"तो कोट बाहेर खुंटीला लाव," मी म्हणालो. "इथे कुत्रं भुंकतं हिरव्या रंगावर."

तो हसला, पण कोट त्याने काढला नाही.

आमचं राज्य कॅस्केड डोंगराने उभं चिरलंय. तिकडे समुद्र, पाऊस, किंग्सपोर्ट शहर आणि त्यांचं श्रीमंत विद्यापीठ. इकडे गहू, मसूर, वारा आणि हार्लन. दर नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी दोघांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना व्हायचा, एक वर्ष त्यांच्या मैदानावर, एक वर्ष आमच्या. माझ्या आजोबांनी तो पाहिला तेव्हा प्रेक्षक कुंपणावर बसायचे. एकाच घरातला एक भाऊ तिकडे शिकायचा, एक इकडे, आणि त्या शनिवारी दोघं एकमेकांशी धड बोलायचे नाहीत. मग त्या शुक्रवारच्या दोन वर्षं आधी, आपसांत सामने खेळणाऱ्या पश्चिमेच्या विद्यापीठांचा जुना गट फुटला. टेलिव्हिजनवाल्यांनी बोट केलं तशी मोठी विद्यापीठं एकेक करून उठली आणि पूर्वेकडच्या बड्या गटात जाऊन बसली. किंग्सपोर्टही गेलं. आम्हाला कोणी हाक मारली नाही. जुन्या करारातला शेवटचा सामना दुसऱ्या दिवशी हार्लनला होता, आणि त्यापुढचं कोणालाच माहीत नव्हतं.

मी मसुराच्या सूपची वाटी कर्टिससमोर ठेवली. त्याने चमचा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"थेया, पुढची दहा वर्षं सामना ठेवायला आमची मंडळी तयार आहेत," तो म्हणाला. "पण सगळे सामने किंग्सपोर्टला. आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. नोव्हेंबर आता नव्या गटाचा झाला."

"सगळे?" थेयाने विचारलं.

"सगळे. तुमच्या विद्यापीठाला दर वेळी चांगला मोबदला मिळेल."

"म्हणजे आम्ही दरवर्षी घाट उतरून यायचं, मार खायचा आणि बिदागी घेऊन परत जायचं."

"असं म्हणू नकोस. मी हे पदरात पाडून घ्यायला किती भांडलो, तुला माहीत नाही. त्यांना सामनाच नको होता. ते म्हणतात, हार्लनला हरवलं तर कोणी शाबासकी देत नाही, आणि हरलो तर वर्षभर तोंड दाखवायला जागा राहत नाही."

"खरंच बोलतात की," मी म्हणालो.

थेया हसली नाही. "उत्तर कधी हवंय?"

"उद्या सामना संपल्यावर. सोमवारी आमच्या विश्वस्तांची बैठक आहे. तुम्ही नाही म्हणालात तर ती तारीख दुसऱ्या कोणाला तरी जाईल. आणि सोमवारपर्यंत हे बाहेर फुटता कामा नये."

तो गेल्यावर वाटी तशीच भरलेली होती. थेयाने ती सिंकमध्ये ओतली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

"सही कर," मी म्हणालो. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. सामना राहील तरी."

"कुठला सामना राहील, रॉय? सप्टेंबरात तू काय करत असतोस?"

सप्टेंबरात मी गहू पेरत असतो. या टेकड्यांवरचा प्रत्येक जण पेरत असतो. नोव्हेंबरचा तो शनिवार आमचा असायचा, कारण तोवर पेरण्या आटोपून यंत्रं शेडमध्ये गेलेली असायची.

"रेडिओवर ऐकीन," मी म्हणालो.

"ऐक मग," ती म्हणाली आणि वर गेली. मी जेवायला हाक मारली, तर भूक नाही म्हणाली.

शनिवारी सकाळी बर्फ थांबला होता, पण वारा हाडं फोडत होता. मैदानाबाहेर नेहमीसारखे तंबू लागले होते, मिरचीचा झणझणीत राजमा आणि त्यासोबत दालचिनीचे गोड रोल. घाट ओलांडून आलेल्या हिरव्या मोटारींची रांग नदीच्या पुलापर्यंत गेली होती. आमच्या शेजारच्या जागेवर ओटिस गुडनाव नावाचा म्हातारा गाडी लावायचा. किंग्सपोर्टचा निवृत्त गवंडी. त्याचं आणि माझं नातं शिव्यांचं.

"अजून जिवंत आहेस का?" त्याने विचारलं.

"तुम्ही हरल्याशिवाय मरायचं नाही असं ठरवलंय."

"म्हणजे अमर झालास."

त्याला मी त्या दिवशी नीट बघू शकलो नाही. मला जे माहीत होतं ते त्याला माहीत नव्हतं.

आमचे कुलगुरू डॉक्टर ॲशवर्थ तंबूतच थेयाला गाठायला आले. ते चांगले गृहस्थ, पण त्यांच्या आवाजात नेहमी कोणीतरी आजारी असल्यासारखी हळुवारता असायची.

"थेया, मी कर्टिसशी बोललोय. आपण हो म्हणणार आहोत. सामन्यानंतर माझ्या खोलीत या, सही तिथेच करू."

"मी सही करणार नाही, डॉक्टर."

"मग मी करीन. तेवढा अधिकार मला आहे. आणि सोमवारपर्यंत हा विषय आपल्यातच राहील, असा शब्द मी दिलाय. तुमच्या वतीनेही."

"माझ्या वतीने मी दिला नव्हता," थेया म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू बायकोला आवरायचं काम माझं होतं. मी राजम्यात चमचा फिरवत राहिलो. माझं मत त्यांच्याच बाजूचं होतं, आणि ते थेयालाही माहीत होतं.

सामना सुरू झाला. पहिल्या काही मिनिटांतच त्यांनी चेंडू आमच्या रेषेपलीकडे नेऊन, म्हणजे टचडाउन करून, सात गुण घेतले. मग आमच्या पोरांनी हळूहळू पाय रोवले. त्यांचे खेळाडू आमच्यापेक्षा उंच, जाड आणि वेगवान होते. आमचा चेंडू घेऊन पळणारा पोरगा टोनासकेटच्या सफरचंदांच्या मळ्यातला. चार जण अंगावर लोंबकळत असतानाही तो पुढे सरकत होता. मध्यंतराआधी बरोबरी झाली. मी थेयाच्या जागेकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

आमच्याकडे जुने लोक सामना बघताना कानाला रेडिओ लावतात, कारण समालोचक मर्ल डुप्री डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा जास्त सांगतो. तोच आवाज तंबूंत आणि जिन्यांखाली कर्ण्यांवरही लागलेला असतो. मध्यंतर झालं, बँड मैदानात उतरला, आणि मी कॉफी आणायला जिन्याखाली गेलो. रांगेत उभा असताना वरच्या कर्ण्यातून माझ्या बायकोचा आवाज आला.

"मर्ल, मला श्रोत्यांना एक गोष्ट सांगायची आहे. दोन्ही बाजूंच्या."

रांगेतल्या बाईने पुढे केलेला पेला तसाच हातात राहिला.

थेयाने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, कोणाला नावं ठेवली नाहीत. दहा वर्षं, सगळे सामने किंग्सपोर्टला, सप्टेंबरात. आज हे बघताय ते हार्लनमधलं शेवटचं. "मला आज संध्याकाळी हो म्हणायला सांगितलंय," ती म्हणाली. "मी म्हणणार नाही. माझ्या जागी दुसरं कोणी म्हणेल. पण हा सामना माझा नाही, कर्टिसचाही नाही. तुमचा आहे, म्हणून तुम्हाला सामन्याआधी कळायला हवं होतं. तेवढं जमलं नाही. आता कळलंय."



 तिची नोकरी गेली, हे मला तिथल्या तिथे कळलं. तिने मला विचारलं नव्हतं, याचा राग आला. आणि विचारलं असतं तर मी अडवलं असतं, हेही माहीत होतं. आजूबाजूला त्यांचे हिरवे आणि आमचे पिवळे कोट मिसळून उभे होते.  एक हिरव्या टोपीची बाई नुसती म्हणाली, "पुढच्या वेळी इथे येऊ तेव्हाच्या हॉटेलच्या खोल्या आम्ही आजच सकाळी सांगून आलो."

वर आलो तर थेया आपल्या जागेवर बसली होती. हात मांडीवर, नजर मैदानावर.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणालो असतो."

"मग माझे पाय लटपटले असते, रॉय."

मी तिच्या शेजारी बसलो. मागच्या रांगेत डॉक्टर ॲशवर्थ उठून निघून गेल्याचं मला खुर्चीच्या आवाजावरून कळलं. थेयाने मान वळवली नाही. मी तिचा हात धरला, बोटं बर्फासारखी गार होती.

दुसरा अर्धा भाग मी नीट सांगू शकणार नाही. सगळं मैदान कसल्यातरी वेगळ्याच गोष्टीसाठी खेळत असल्यासारखं झालं होतं. प्रत्येक धडक वरपर्यंत ऐकू यायची. आम्ही तीन गुणांनी पुढे गेलो. त्यांनी ते फेडले. शेवटच्या मिनिटाला आम्ही पुन्हा तीनने पुढे होतो आणि चेंडू त्यांच्याकडे होता. ते वीत वीत करत आमच्या रेषेपाशी आले. लोक उभे होते. त्यांच्या पोराने चेंडू कोपऱ्यात उंच फेकला. आमचा आणि त्यांचा, दोघांनी एकदमच उडी मारली, दोघांचेही हात चेंडूवर, आणि दोघं तसेच बर्फात पडले. पंच धावत आला. त्याने वाकून बघितलं. मग दोन्ही हात वर केले. दोघांनी एकदम धरलेला चेंडू फेकणाऱ्या संघाचा मानतात. टचडाउन किंग्सपोर्टचं.

आम्ही हरलो. मला वाटलं आता त्यांची बाजू मैदानात उतरून नाचेल. दरवेळी नाचायची, आमच्या मातीचं ढेकूळ उचलून न्यायची. पण ते उतरले ते कठड्यापाशी उभ्या असलेल्या कर्टिसकडे. सगळे नाही, पण पुष्कळ. सगळ्यात पुढे ओटिस गुडनाव, काठी टेकत. थेया आणि मी खाली उतरत होतो, त्यामुळे मला ऐकू आलं.

"हे बघ पोरा, ती बाई खरं बोलली का?" ओटिसने विचारलं.

"साहेब, नव्या गटात आपल्याला मोठे प्रतिस्पर्धी मिळालेत. देशभर आपला सामना दिसेल. न्यू जर्सी, ओहायो..."

"न्यू जर्सीत मला ओळखतं कोण? त्यांना हरवून मी चिडवू कोणाला?" ओटिसने काठी माझ्याकडे रोखली. "हा मूर्ख गहूवाला आहे ना, याला हरवायला मी घाट चढतो. याचं तोंड उतरलेलं बघायला. एक वर्ष याचं, एक वर्ष माझं. हा माझ्या बायकोच्या मयतीला आला होता, तोही पिवळा कोट घालून. तुझ्या ओहायोतून कोण येणार आहे?"

"तिने सांगून ठेवलं होतं तो कोट घालायला," मी म्हणालो. "म्हणाली होती, ओटिसला रडायला वेळ मिळता कामा नये."

 कर्टिसचा चेहरा पडला होता. त्याने थेयाकडे पाहिलं. "तू मला तोंडघशी पाडलंस."

"हो," थेया म्हणाली. "दुसरा रस्ता दिसला असता तर त्याने गेले असते."

"माझ्या हातात काय होतं?"

"ते तू यांना सांग. मला कालच सांगितलंस."

तो खूप वेळ तिथे त्या लोकांत उभा राहिला, हे मला मान्य करायला हवं. पळाला नाही. त्या संध्याकाळी डॉक्टर ॲशवर्थच्या खोलीत सही झाली नाही. किंग्सपोर्टचे लोक अजून मैदानात थांबलेले असताना सही करायचं धाडस दोन्ही बाजूंना झालं नाही. सोमवारच्या त्यांच्या बैठकीत, म्हणे, फोन खाली ठेवायला उसंत नव्हती, आणि बहुतेक फोन त्यांच्याच माणसांचे होते. कर्टिसने बैठकीत आमच्या बाजूने भाषण केलं असं पुढे कानावर आलं. त्याने मला स्वतः कधी सांगितलं नाही.

शेवटी तडजोड झाली. सहा वर्षांचा करार, एक वर्ष त्यांच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे. पण नोव्हेंबर गेला तो गेलाच. सामना आता सप्टेंबरात होतो. जानेवारीत थेयाला जावं लागलं. दिलेला शब्द मोडला, असं कारण सांगितलं. शब्द तिने दिला नव्हता हे ती एकदाच म्हणाली, मग त्यावर बोलली नाही. आता ती गावच्या शाळेत मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवते आणि घरी आल्यावर पुष्कळ जास्त हसते. काही जण अजून म्हणतात की तिने विद्यापीठाचं नुकसान केलं. किराणा दुकानात तिला बघून एक गृहस्थ दुसऱ्या रांगेत जातात. त्याचा तिला त्रास होतो. होत नाही असं ती दाखवते.

पहिला सप्टेंबरचा सामना त्यांच्याकडे झाला. मी तो ट्रॅक्टरमध्ये ऐकला, धुळीत, आणि आपण हरलो कळल्यावर दोन ओळी वाकड्या पेरल्या. पुढच्या वर्षी हार्लनची पाळी आली, तेव्हा मी पेरणी थांबवली. दोन दिवसांत पाऊस येणार असं सांगत होते, शहाण्या माणसाने थांबवली नसती. शेजाऱ्यांपैकी निम्मे आले नाहीत. ऊन इतकं होतं की राजम्याकडे कोणी फिरकेना. थेया आणि मी तिकीट काढून वरच्या रांगेत बसलो, तिच्या जुन्या जागेपासून लांब.

वरून मला घाटाकडून ओटिसची गाडी येताना दिसली, पण ती भलत्याच तंबूपाशी थांबली. उन्हात त्याला आमची जागाच सापडत नव्हती. मी खाली जाऊन हात केला, तशी त्याने गाडी आमच्या तंबूपाशी आणून लावली.

"पेरणी सोडून आलास?" त्याने काच खाली करून विचारलं. "मूर्ख आहेस."

"गाडी मागे घे," मी म्हणालो. "माझ्या तंबूच्या सावलीत लावलीस."