कोरड्या दिवसांतलं पिंप

"पाऊसच नाही, तर डास कुठून येणार, बाई?" नव्या साहेबांनी पावसाचा तक्ता पुढं सरकवला. "तीन आठवडे थेंब नाही. पुढची तपासणी फेरी रद्द."

बाई म्हणजे डास तपासनीस. सत्तावीस वर्षं लोकांच्या पिंपांत डोकं घालून त्यांची पाठ कामातून गेली होती, नजर मात्र शाबूत होती. साहेबांना तक्ता दिसत होता. बाईंना वस्तीतले कोरडे नळ दिसत होते.

"साहेब, जोराचा पाऊस अळ्या वाहून नेतो. पण पावसानं ओढ दिली की नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही. मग माणसं दिसेल ते भांडं भरून ठेवतात. त्यात हे ऊन. आठवड्याभरात अंड्याचा डास होतो. फेरी रद्द केलीत, तर नंतर तापाची माणसं मोजत फिरावं लागेल."

"हे लिहिलंय कुठं?"

"तेच तर, कुठंच नाही. चला, दाखवते."

साहेब आले, पण कपाळाला आठ्या घालूनच. पहिल्या दोन घरांत काहीच सापडलं नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाईंनी चालण्याचा वेग वाढवला. आज तोंडघशी पडले, तर पुन्हा कोण ऐकणार? तिसऱ्या घरातली म्हातारी दारातच आडवी आली.

"पाणी ओतून द्याल तर याद राखा! चार दिवस झाले, नळ कोरडा आहे."

"थेंब सांडणार नाही, मावशी. फडक्यातून गाळून तुमचं तुम्हाला परत देते."

बाईंनी झाकण सरकवून विजेरी लावली. उजेड पडताच बारीक अळ्या वळवळत तळाशी पळाल्या. साहेब वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मावशींनी डोकावून पाहिलं.

"अगं बाई! यातनंच आम्ही पाणी घेतोय?"

संध्याकाळपर्यंत वीस घरं झाली. तेरा घरांतल्या पिंपांत अळ्या निघाल्या.

ऑफिसात परतल्यावर साहेबांनी स्वतःच कागद ओढला. "तुम्ही सांगा, मी लिहितो."

बाईंचा ऊर भरून आला. वर जाणारा अहवाल, आणि तो आपल्या तोंडचा! त्या खुर्चीत ताठ बसून सांगत गेल्या. शेवटी साहेबांनी वाचून दाखवलं, "कोरड्या दिवसांत साठवलेल्या पाण्यामुळे बहुधा डास वाढतात, सबब फेरी चालू ठेवावी."

"साहेब," बाई म्हणाल्या, "तेवढं 'बहुधा' खोडा."

साहेबांनी खोडलं.