तिसऱ्या सिलिंडरचा प्लग

स्पार्क प्लगचं पांढरं चिनीमातीचं डोकं उत्तराच्या हातात आलं आणि उरलेला प्लग इंजिनातच राहिला, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. भंगारवाला शंकर तीनला येणार होता.

गाडीची पंधरा वर्षं आज भरत होती. उद्यापासून दिल्लीत तिला रस्ता बंद. नाशिकच्या मावशीकडे ती नेण्याची परवानगी उत्तराने तीन महिने खेटे घालून आणली होती. पण बॅग भरली आणि गाडी आचके देऊन बंद पडली. श्रीरंगरावांनी, म्हणजे बाबांनी, निकाल दिला होता : तीनपर्यंत चालू झाली तर तुझी, नाही तर शंकरची. मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेला माणूस. मुदतवाढ या शब्दानेच त्यांना ॲसिडिटी होई. सहा वर्षांपूर्वी तो प्लग त्यांनीच आवळला होता, पुन्हा कधी कुणी उघडू नये अशा हिशोबाने.

यूपीएससीच्या तीन प्रयत्नांत उत्तरा एवढं नक्की शिकली होती, की आपटल्यावर लगेच उठून पळू नये. तुटक्या प्लगभोवती चिनीमातीचे कण पडले होते. प्लग तसाच काढला तर ते सिलिंडरमध्ये जाणार आणि इंजिन स्वतःलाच कांडून घेणार. आधी ते उडवायला हवे होते.

मयूर विहारच्या त्या सोसायटीत हवा मारायचं एकच साधन होतं : गणेशोत्सव मंडळाचा फुगे फुगवायचा पंप, मुक्काम चौथा मजला, अरुणाकाकू. पंप देवाचा आहे, असं काकूंनी बजावलं. देवाच्या वाहनापेक्षा ही गाडी थोडी मोठी आहे इतकंच, असं उत्तराने पटवलं. त्यात वीस मिनिटं गेली.

मग कण उडवणं, गंज सुटायचं तेल सोडणं, तासभर थांबणं. प्लगपाना लावून पाव वळसा मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे. हाताला फोड आला, तो फुटला, तरी तिने घाई केली नाही. दोन वाजता प्लग कुरकुरत बाहेर आला. नवा तिने बोटांनीच बसवला, मग बेताने आवळला, वायर खोचली आणि किल्ली फिरवली.

असा बार झाला की तिसऱ्या मजल्यावरची कबुतरं उडाली आणि गेटवरच्या गार्डने सवयीने सलाम ठोकला.

शंकर अर्धा तास आधीच आला होता. "मॅडम, रस्सी लगा दूँ?"

"तीन बजे."

ती पुन्हा बॉनेटखाली वाकली. प्लग ठीक होता. मात्र वायरी फारच नीटनेटक्या दिसत होत्या. सकाळी त्या एकमेकींना ओलांडून जात होत्या.

"बाबा, वायरींना हात लावला होता?" तिने गाडीशेजारी उभ्या असलेल्या बाबांना विचारलं.

"तू पंप आणायला गेलीस तेव्हा सगळ्या मागेपुढे जोडलेल्या दिसल्या. मी क्रमाने लावल्या. एक, दोन, तीन, चार."

उत्तराने डोळे मिटले, उघडले आणि डिकीतून गाडीचं पुस्तक काढून त्यांच्यापुढे धरलं. ठिणगीचा क्रम छापील होता : एक, तीन, चार, दोन.

बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "दोन नंबर शेवटी? तीन-चार त्याला ज्युनियर आहेत."

"बाबा, पावणेतीन झालेत."

"बढतीत माझ्या डोक्यावरून दोघांना नेलं, तेव्हाही असाच छापील कागद दाखवला होता."

हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. उत्तराने पाना खाली ठेवला.

"इथे दोनची पाळी येते, बाबा," ती म्हणाली. "प्रत्येक फेरीत येते. कुणी ती खात नाही."

बाबांनी पुस्तक पुढ्यात ठेवलं आणि वायरी स्वतः काढून स्वतः लावल्या. दोन नंबरची जरा जास्तच जपून.

तीनला चार मिनिटं कमी असताना इंजिन सुरू झालं. आधी खोकलं, मग एका सुरात लागलं. शंकरने दोर गुंडाळला आणि टेम्पो मागे घेऊन वाट करून दिली.

"आता मथुरेच्या पुढे जाईपर्यंत बंद करू नकोस," म्हणत बाबांनी तिची बॅग मागच्या सीटवर टाकली. मग चपला तशाच फटफटवत गाडीच्या पुढे निघाले आणि दोन्ही हात पसरून गेटपर्यंत मोकळ्या रस्त्यावरची नसलेली गर्दी हटवत गेले.