मूसच्या हंगामाआधीची सहल

मूसच्या, म्हणजे घोड्याहून उंच अशा त्या सांबराच्या, शिकारीचा हंगाम अकरा दिवसांवर आलेला असताना माझा नवरा मला म्हणाला, "नेडीन, चल, आपण सहलीला जाऊ." तेव्हाच माझ्या डोक्यात किडा वळवळला.

अलास्कात, फेअरबँक्सच्या आसपास राहणारा कुठलाही धडधाकट पुरुष ऑगस्टच्या शेवटी घर सोडून जात नाही. लग्न असो, मयत असो, या दिवसांत त्यांना बंदूक आणि चिखल सोडून दुसरं काही सुचत नाही. आणि आमच्या आर्वोचं तर विचारूच नका. आमची कर्स्टन पाच सप्टेंबरला जन्मली, तेव्हा हा बाबा नदीपलीकडे मूस सोलत बसला होता. बातमी कळल्यावर दुसऱ्या दिवशी आला, तोही हातात कलेजी घेऊन.

"कसली सहल?" मी विचारलं.

"आगगाडीने खाली व्हिटियरपर्यंत. तिथून जहाजाने व्हँकूव्हर."

"काचेच्या छपराच्या डब्यातून? ज्या पर्यटकांना तू बरणीतली लोणची म्हणतोस त्यांच्यात बसून?"

"लोणचं कसं लागतं ते एकदा बघावं म्हटलं."

"ताप आलाय का तुला?"

"का? बायकोला फिरवायला नेऊ नये का माणसाने?"

"न्यावं की. अडतीस वर्षांत कधी नेलं नाहीस, म्हणून विचारलं."

तीस वर्षं त्याने त्याच रुळांवर काम केलं होतं. बर्फ काढला, खडी टाकली, रुळांवर मेलेले प्राणी ओढले. त्या मार्गाचं कौतुक त्याला असायचं काहीच कारण नव्हतं. शिवाय मी आणखीही काही गोष्टी टिपून ठेवल्या होत्या. त्याने न सांगता केस कापून घेतले. फोन आला की लाकडांच्या ढिगामागे जाऊन बोलायला लागला. मी मागच्या शेडकडे निघाले की म्हणायचा, "दार अडकतंय, तू नको जाऊस, काय हवं ते मला सांग." अडतीस वर्षांत मला सरपण आणून दे म्हणून दहादा सांगावं लागलं, आणि आता हा मागायच्या आधी हातात देत होता. माणूस एकदम चांगला वागायला लागला की बायकोने सावध व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणीतरी बाई आहे, एवढं मी धरूनच चालले. एकाहत्तराव्या वर्षी! पण मी कप्पाळावर हात मारून घेतला नाही. म्हटलं, बघू तरी, कुठली आहे ती.

गाडीत बसल्यापासून त्याचं लक्ष घड्याळाकडे. डेनालीचं शिखर ढगांतून बाहेर आलं, अख्खा डबा उठून खिडक्यांना चिकटला, बायका एकमेकींच्या पायांवर पाय देऊ लागल्या, आणि हा आपला मनगट वळवून वेळ बघतोय. रस्ता संपून नुसतं रान सुरू होतं त्या पट्ट्यात गाडी आली तसा तो उठला.

"जरा पाय मोकळे करून येतो."

"इथे? झाडं बघायला?"

"लाइलला भेटतो." लाइल म्हणजे गाडीचा गार्ड, त्याचा जुना दोस्त.

तो गेला आणि दहाच मिनिटांत गाडीचा वेग कमी झाला. त्या पट्ट्यात राहणाऱ्यांना ना रस्ता, ना गाव. रुळाकाठी उभं राहून पांढरं फडकं हलवायचं, की गाडी त्यांच्यासाठी थांबते. मी खिडकीला नाक लावलं. पुढे फडकं हलत होतं, आणि ते हलवणारी बाई होती. पन्नाशीची, लांब वेणीची, रबरी बुटांतली.

सामानाच्या डब्यातून आर्वो उतरला. एकामागून एक तीन खोकी त्याने खाली घेतली. तिने खोक्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि सरळ त्याच्या गळ्यात पडली. नुसती पडली नाही, दोन्ही हातांत त्याचं तोंड धरून काहीतरी बोलली. आणि माझा नवरा, जो स्वतःच्या आईच्या दफनाला डोळ्यांतून टिपूस न काढता उभा होता, त्याने बाहीने डोळे पुसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

परत येऊन बसला तेव्हा मी चहा ढवळत होते.

"कोण ती?"

"कोण?"

"जिच्या गळ्यात पडून रडत होतास ती."

"बिली. ड्वाइटची बायको. ड्वाइट आठवतो ना? माझ्याबरोबर होता. चार वर्षांपूर्वी गेला बिचारा."

"आणि बिचारी राहिली. खोक्यांत काय होतं?"

"जुनी मासिकं. थंडीत वाचायला."

त्याचा शर्ट छातीपासून पोटापर्यंत ओला होता.

"मासिकंही रडत होती वाटतं," मी म्हटलं.

त्याने शर्टाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि जाकीटाची बटणं लावून तल्कीटना स्टेशन येईपर्यंत तसाच बसला.

जहाजावर तर त्याने ताळतंत्रच सोडलं. सकाळ-संध्याकाळ फोन. हिमनदीचा कडा समोर कोसळत होता, लोक टाळ्या वाजवत होते, आणि हा मागच्या डेकवर दोरखंडांच्या आडोशाला उभा. मी कॉफीचा कप घेऊन मुद्दाम त्या बाजूने गेले. वारा माझ्याकडे होता, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला.

"नाही, तिला अजून सांगितलं नाही. शेवटच्या बंदराआधी सांगतो. सही करेल ती. करेल हो, मी बघतो ना."

सही म्हणजे काय असणार? घटस्फोटाचे कागद. मला जहाजावर गोडधोड खाऊ घालून, पाण्याच्या मधोमध सांगायचं, म्हणजे आरडाओरडा केला तरी जाणार कुठे? काय डोकं चालवलंय, म्हटलं. त्या बिलीच्या लाकडी खोपटात हा आता चुलीत लाकडं घालणार, आणि मी कर्स्टनच्या घरी जाऊन तिची मुलं सांभाळणार.

जेवायला आमच्या टेबलावर टेक्सासचं एक जोडपं होतं. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आलेलं. ती बाई मला म्हणाली, "किती प्रेमाने बघतात हो तुमच्याकडे!"

"बघतो ना," मी म्हटलं. "खाटीक बोकडाकडे बघतो तसं."

ती हसली. आर्वो हसला नाही. त्याने माझ्या ताटात स्वतःचा माशाचा तुकडा ठेवला, आणि मला तो फेकून मारावासा वाटला.

जुनोच्या बंदरात उतरल्यावर मी त्याला म्हटलं, तू हो पुढे, मला लोकर घ्यायचीय. एका दुकानाच्या छपराखाली उभी राहून मी शेजारच्या ऱ्होडाला फोन लावला. आमच्या वस्तीत कुणाचं कुणाशी काय चाललंय हे त्या माणसांना कळायच्या आधी ऱ्होडाला कळतं. तिला त्या बिलीबद्दल खोदून विचारायचं होतं. पण तिने मला बोलूच दिलं नाही.

"अगं नेडीन, आधी थांब. काल तुमच्या त्या मांसाचा रस्सा केला. काय सुरेख झाला होता! खाताना मला रडूच कोसळलं बघ."

"कुठलं मांस?"

"आर्वोने दिलेलं. आम्हाला दोन खोकी, पलीकडच्या पीटला दोन, चर्चला सामन मासे. म्हणाला, तीन खोकी ड्वाइटच्या बायकोलाही राखून ठेवलीत. म्हणाला, तू इतक्यात कुणाकडे विषय काढायचा नाही म्हणतेस, म्हणून मी गप्प बसले. पण जाताना गळाभेटसुद्धा नाही? असं करतात का गं?"

मी फोन बंद केला.

आमच्याकडे शिकारीचं मांस विकता येत नाही, कायदाच आहे तसा. माणूस गाडी विकतो, बंदूक विकतो, पण अलास्का सोडून कायमचा बाहेर निघाला की डीप फ्रीजर मात्र वाटून टाकतो. आमच्या रस्त्यावर कुणी 'फ्रीजर रिकामा केला' असं म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. मी स्वतः सात-आठ कुटुंबांचं असं मांस घेतलंय, आणि निरोपाला त्यांच्या दारात उभी राहून रडलेय. हिवाळा तोंडावर असताना फ्रीजर रिकामा करणारा माणूस वेडा तरी असतो, नाहीतर परत येणार नसतो. शेडचं दार अडकत नव्हतं, आतला फ्रीजर रिकामा होता. त्या शर्टावरचं पाणी गोठलेल्या मांसाचं होतं. बिली रडली ती त्याला निरोप देताना.

खरं सांगू? मला वाटलं, बाई असती तर बरं झालं असतं. बाईशी भांडता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केचिकान आलं. अलास्कातलं शेवटचं बंदर. मी माझी छोटी बॅग भरून खांद्याला लावली. आर्वोने बघितली, पण विचारलं नाही. धक्क्यावर पाऊस भुरभुरत होता. एका बाकावर आम्ही बसलो.

"नेडीन, मला तुला काही सांगायचंय," तो म्हणाला.

"मांस कुणाकुणाला दिलंस ते सांग. यादी अर्धी मला ऱ्होडाने दिलीय."

त्याचा चेहरा पडला. मग एकदम सुटल्यासारखा बोलत सुटला. लष्करी तळावरचा एक तरुण शिपाई आणि त्याची बायको आमचं घर घ्यायला तयार होते. खाली दक्षिणेच्या वाळवंटात, टुसानला, कर्स्टनच्या दोन गल्ल्या पलीकडे, एक छोटं घर त्याने ठरवलं होतं. फक्त माझी सही राहिली होती, कारण राहतं घर बायकोच्या सहीशिवाय विकता येत नाही. मला वर्षभर विचारायचं त्याच्या मनात होतं, पण जीभच रेटेना. म्हणून त्याने ठरवलं, आधी मला एकदा सगळं दाखवावं, छान फिरवावं, मग बोलावं.

"मला काय दाखवतोस? मी इथेच राहते ना!"

"मागच्या जानेवारीत उणे पन्नासला पाइप फुटला, आठवतं? तो बघायला गेलो आणि बर्फावर घसरून पडलो, तुझ्या अंगात मला उचलायची ताकद नव्हती. मी तिथे पडल्या पडल्या ठरवलं. नेडीन, मी थकलो गं. मला आता अंधार नको. मला उन्हात खुर्ची टाकून बसायचंय."

"आणि मला?"

"तुलाच तर इथे यायचं नव्हतं! लग्नानंतर सहा महिने रडत होतीस."

"दोन वर्षांसाठी म्हणून आणलंस तू मला. दोन वर्षं! मी रडले, हो. मग बटाटे लावायला शिकले, माशांना धुरी द्यायला शिकले, त्या चर्चमध्ये गायले, माझी आई गेली तेव्हा त्याच रस्त्यावरच्या बायकांनी मला सांभाळलं. तू मला आणून लावलंस आणि मी रुजले. आता उपटतोस, तेही न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे तुला माहीत होतं."

समोर जहाजाच्या शिडीवर लोक छत्र्या मिटत चढत होते. तासाभरात सुटणार होतं.

"तुला कुणी बाई आहे असं मला वाटत होतं," मी म्हटलं.

"मला? या गुडघ्यांनी?" तो हसला, आणि क्षणभर मलाही हसू आलं. मला तो इतका आवडला त्या वेळी की मी सही करून टाकते की काय अशी भीती वाटली.

म्हणून मी घाईने विचारलं. "एकच विचारते, आर्वो. मी सही केली नाही, मी आलेच नाही, तर तू एकटा जाशील?"

त्याने टोपी काढली, पावसाने भिजलेले केस मागे सारले.

"जाईन," तो म्हणाला.

सबंध प्रवासभर हा खोटं बोलतोय म्हणून मी त्याच्या पाठीला डोळे लावून होते. आणि ज्या एका घडीला त्याने खोटं बोलावं म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले होते, तेव्हा हा बाबा खरं बोलला. 'नाही गं, तुझ्याशिवाय कुठे जाणार' एवढं म्हणाला असता, तर मी तिथल्या तिथे त्याच्या पेनने सही केली असती. वाळवंटात गेले असते, त्याच्या शेजारी खुर्ची टाकून कुरकुरत बसले असते. त्याला हे कळलं असेल का, मला माहीत नाही.

मी उठले. घराकडे, उत्तरेला जाणाऱ्या फेरीबोटीचा धक्का दोन मैलांवर आहे, बस जाते.

"नेडीन, बस ना," तो म्हणाला. "जरा बोलू."

मी बॅग उघडली, त्याच्या औषधांची डबी शोधून त्याच्या हातात ठेवली. या गोळ्या त्याने कधी स्वतःहून घेतलेल्या नाहीत.

"पांढरी सकाळी उठल्याबरोबर," मी म्हटलं. "गुलाबी जेवण झाल्यावर. उपाशीपोटी घेतलीस तर चक्कर येते तुला."

"पांढरी सकाळी," तो म्हणाला.

"आणि गुलाबी?"

त्याने डबीकडे बघितलं. त्याला आठवेना.