आठ दिवस खाडीच्या तोंडाशी

सव्वाशे वर्षांपूर्वीची, एका गोऱ्या बंदर अधिकाऱ्याची नोंद: ‘तांडेल हबशी. झांजिबारहून भरलेलं तारू. ठाण्याच्या खाडीच्या तोंडाशी आठ दिवस विनाकारण थांबला. आळशी.’

कोलशेतला शेवंतीबाई चिंबोऱ्यांचे डेंगे सुतळीने बांधते आहे.

कोपरला एका खोलीत आफ्रिकेचा नकाशा. भिंतीवर जागा हवी म्हणून आरसा काढून पलंगाखाली ठेवलाय.

खोपटच्या एस.टी. कॅन्टीनमध्ये जुनं पंचांग. पान उडू नये म्हणून वर चहाचा ग्लास.

खोली दामाजीची. पंचांगही त्यानेच आणलेलं. तो टपाल छाटायच्या नोकरीवर होता, आणि पाच वर्षं प्रबंध लिहीत होता: समुद्रावरच्या व्यापारात आफ्रिका म्हणजे नुसता माल नव्हे, सुकाणूवरही तीच होती.

मार्च १९९०. मार्गदर्शक सर म्हणाले, “तुमचा आफ्रिकी कप्तान आळशी ठरतोय; तुमचाच कागद तुमच्या विरुद्ध बोलतोय. परीक्षक हसतील. हे प्रकरण काढा.”

“काढलं तर उरतं काय, सर?”

उरत काहीच नव्हतं.

म्हणून पंचांग. नोंदीतल्या तारखेची तिथी निघाली, शुद्ध अष्टमी. तिथीचं करायचं काय हे दामाजीला ठाऊक नव्हतं. ज्यांना असेल त्यांच्याकडे, कोलशेतच्या कोळणींकडे, तो गेला.

“मावशी, भरलेलं तारू अष्टमीला खाडीच्या तोंडाशी आलं आणि आठ दिवस हललंच नाही. हा आळस ना?”

“कोन म्हनतो?”

“एक साहेब.”

“त्याला सांग, भांगाच्या पान्यात भरलेला तारू आत घालून दाखव. बसल चिखलात, खुडूक कोंबडीसारखा!” शेवंतीबाईने चिंबोरी टोपलीत टाकली. “अष्टमीला भांग, भरती थकलेली असते रे. पुनवेच्या दुसऱ्या दिशी खरा उधान. तवाच शिरला असल तो.”

दामाजीने वही उघडली. नोंदीप्रमाणे तारू आत शिरलं होतं ते पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी.

“मंग आलशी कसा? शाना होता. आमची खाडी आमच्यावानी वलखायचा.”

सरांचं उत्तर: “एका बाईचं म्हणणं, दामाजी. पुरावा कुठाय?”

दामाजीने बांबू घेतला. त्यावर वीत-वीत अंतराने रंगाचे पट्टे ओढले आणि तो खाडीत रोवला. एप्रिल, मे, जून. दर अष्टमीला रजा, दर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी रजा. पोस्टात विचारायचे, “काय रे, उपास धरलास?” कोळणी त्याला बांबूमास्तर म्हणू लागल्या.

जूनच्या अष्टमीला सर स्वतः आले.

“मास्तर, पँट वर घ्या, नायतर बायको घरात घेणार नाय,” शेवंतीबाई म्हणाली.

सरांनी पँट वर घेतली. पट्टे मोजले. पौर्णिमेनंतर परत आले, परत मोजले. सात पट्ट्यांचा फरक. एवढ्या पाण्यासाठी कुठलाही जाणता तांडेल थांबला असता. चिखलात उभ्याउभ्याच त्यांनी प्रकरणाच्या पहिल्या पानावर लिहिलं, ‘राहू द्यावे.’

छापील प्रबंधात, पान २१२ च्या तळटीपेत, शेवंतीबाईचं पूर्ण नाव आहे. त्या हबशी तांडेलाचं नाव कुठल्याच कागदात सापडलं नाही. दामाजीने तसं स्पष्ट लिहिलं आणि प्रबंध त्याला अर्पण केला.

१९८४ साली दामाजीचा पहिला अर्ज विद्यापीठाने परत पाठवला होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘विषयाचा आपल्या भागाशी संबंध नाही.’