तळाचा मठार

“घाईचं पाणी कोरडंच जातं गं, थांबलं पाणी उकळून मरतं गं.” तांब्याच्या हंड्यावर मठार मारताना, हातोडीचे गोल ठोके ओळीनं उमटवताना आबा हे गुणगुणायचे. तेव्हा सरोज सात वर्षांची होती. आता आबांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि ते दुकानातल्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमध्ये राहत होते. जागा नखाएवढी, पण आवाज तोच.

प्रोसेसर तापला की आबा शब्द विसरत. जो शब्द विसरत, ती वस्तू नाहीशी होई. सकाळी ते ‘खिडकी’ विसरले. तिथं आता भिंत होती.

“पंच्याऐंशी,” पडद्यावरचा आकडा वाचत धाकटा दिगंबर म्हणाला.

प्रोसेसरवर बसवायचा, आतून पाणी खेळवून त्याला गार करणारा तांब्याचा ब्लॉक बहीणभाऊ तिसऱ्यांदा करत होते. आतल्या खाचा सरोज कापायची, तळ दिगंबर घासायचा. पहिल्या ब्लॉकच्या खाचा रुंद होत्या. पाणी घाईच्या पाहुण्यासारखं उंबऱ्यावरूनच परतलं. दुसऱ्या ब्लॉकच्या खाचा केसासारख्या बारीक. पाणी अडलं, पंपाला धाप लागली आणि आबा ‘घड्याळ’ विसरले.

“तांबटाची पोर ना तू?” आबा हसले. “पाणी तुझं ऐकत नाही?”

“ऐकेल, आबा. दम धरा.”

या खेपेला तिनं पाणी मधोमध सोडलं, जिथं सगळ्यात जास्त तापतं तिथंच. आणि दोन्ही अंगांना फाकवून बाहेर काढलं. खाचा ना रुंद, ना अरुंद.

“तळ आरशासारखा केलास ना, दिगू? मध्ये हवेचा पापुद्रा राहिला, तरी उष्णता पाण्यापर्यंत पोचायची नाही.”

“केला की.” तो पंपाकडे बघत होता.

ब्लॉक बसला. पाणी गुळगुळ वाहू लागलं. आकडा त्र्याऐंशीवर उतरला, थबकला, आणि चढू लागला.

“एकोणनव्वद, ताई.”

सरोजनं बाहेर जाणाऱ्या नळीला हात लावला. पाणी गारच होतं.

“ते उघडतं ना... ज्यातून जातात-येतात...” आबा चाचपडले. दार गेलं. चारही भिंती एकेक पाऊल पुढं आल्या. दिगंबरची पाठ तिच्या पाठीला लागली.

“खाचा बरोबर आहेत,” ती म्हणाली. “पाणी बरोबर आहे. मग काय चुकतंय?”

“ब्याण्णव.”

“आबा, मी कोण? बोला बघू.”

“तू... सरो...” आबा थांबले. पुढचं अक्षर शोधू लागले. तिनं नळीवरचा हात वर घेतला. बोटांची टोकं नव्हती.

दिगंबरनं बहिणीचं मनगट धरलं.

“ताई, तळ सपाट नाही,” तो म्हणाला. “तिन्ही ब्लॉकना मी तळाला मठार मारला. आबांसारखा, ठोक्याला ठोका लावून. वाटलं, अंगाला लागला की ते मला ओळखतील. तीन वर्षांत त्यांनी माझं नाव एकदाही घेतलेलं नाही.”